पोलिसी खाक्या दाखवताच : एका चित्रपटाच्या खेळाचं प्रकरण

‘मेमरीज ऑफ मर्डर’ या कोरियन चित्रपटाच्या खेळाचं पोस्टर मीच केलं होतं. काळ्या रंगावर पिंपळाचं झाड आणि खाली लाल अक्षरांत ओळ: ‘तिकडे दहा, इकडेही दहा. कोरियातलं मानवत!’ एक पोस्टर वाचनालयाच्या दारावर लावलं, एक बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, दोन कॉलेजांत. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, मानवत रोड स्टेशनपासून फार लांब नाही. त्यातच ऑक्टोबर 2024 मध्ये मानवतच्या जुन्या खुनांवरची ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली आणि दिवाळीत घरोघरी तिचाच विषय होता. आमच्या चित्रपट मंडळाच्या खेळाला एरवी बारा-पंधरा माणसं येतात. या वेळी खुर्च्या भराव्यात, एवढाच माझा विचार होता.

खेळाच्या दिवशी सकाळी दारावरचं पोस्टर जागेवर नव्हतं. घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलेलं होतं. ते काढलं होतं मंडळाच्याच एका सदस्य असलेल्या निवृत्त शिक्षिकेनं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. बाई रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “सर, त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. आकडा पोस्टरवर टाकायचा नसतो हो.”

खऱ्या खुनांवरचा चित्रपट, ते खून जिथल्या माणसांच्या आठवणीत आहेत त्या भागात दाखवला तर काय होतं, हे त्या एका संध्याकाळी आम्हाला दिसलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. इतर गावांतल्या मंडळांच्या उपयोगी पडेल.

त्या वर्षाचं

मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात तिथे दहा जीव गेले, बहुतेक लहान मुली आणि बायका. पिंपळाखालचं गुप्तधन, मुंजाला रक्त, या गोष्टी महाराष्ट्रभर गेल्या. तपासाला मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. 1981 मध्ये अमोल पालेकरांनी याच खुनांवर ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. हे सगळं बऱ्याच जणांना ठाऊक असतं.

बाईंनी सांगितलं ते मात्र कुठल्याच पडद्यावर मी पाहिलेलं नाही. 72 चा दुष्काळ. बाप खडी फोडायला, आई मातीकामावर. घरात लाल मिलोची भाकरी आणि शाळेत सुकडी. शेण, काटक्या, पाणी आणायचं काम पोरींचं, आणि त्यासाठी गावाबाहेर गेल्याशिवाय गत्यंतर नाही. “आई कामावर जाताना आम्हा तिघी बहिणींना एका दोरीला हात धरायला लावायची,” बाई म्हणाल्या. “दोरी सोडायची नाही. शेण दिसलं तरी तिघींनी मिळून वाकायचं. दिवस मावळला की गल्लीत प्रत्येक दारातून पोरींच्या नावानं हाका. हाकेला ओ दिली नाही की बाया कंदील घेऊन बाहेर.”

ती तिघींची दोरी माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पोस्टर परत लावलं नाही. बाकीची तीन काढून आणायला मात्र उशीर झाला होता. संध्याकाळी साठ-सत्तर माणसं आली, ती त्या पोस्टरमुळेच, हे मान्य करायला हवं.

चित्रपट

‘मेमरीज ऑफ मर्डर’, 2003. दिग्दर्शक बोंग जून-हो. दक्षिण कोरियातल्या ह्वासोंग या ग्रामीण भागात 1986 ते 1991 या काळात झालेल्या दहा खुनांवर आधारलेला. त्यातल्या सुरुवातीच्या काळात देशात लष्करशहा चुन डू-ह्वानची सत्ता होती आणि पोलिसांची कुमक विद्यार्थ्यांचे मोर्चे मोडण्यात गुंतलेली होती. चित्रपटात एका पावसाळी रात्री खून होणार याचा अंदाज येतो, तपास अधिकारी जादा माणसं मागतात, आणि उत्तर येतं की सगळी माणसं मोर्चावर गेली आहेत. सरावासाठी गावाचे दिवे घालवले जातात, दुकानांची शटर धडाधड खाली येतात, आणि त्याच अंधारात एक शाळकरी मुलगी मारली जाते.

याला निओ-न्वार म्हणतात, म्हणजे गुन्हे आणि अंधार यांवरच्या जुन्या ‘न्वार’ चित्रपटांचा नवा अवतार. न्वार म्हटलं की शहर, रात्र, ओला रस्ता, सिगारेटचा धूर डोळ्यांपुढे येतो. या चित्रपटाची सुरुवात मात्र पिकल्या भाताच्या सोनेरी शेतात, भर उन्हात होते. धुऱ्याकडेच्या नाल्यात, सिमेंटच्या झाकणाखाली एका बाईचं प्रेत आहे. तपास करणारा पार्क डू-मान वाकून बघतो आणि वर बसलेला एक पोरगा त्याची नक्कल करत राहतो. पुढे दुसऱ्या जागी मातीत पायाचा ठसा सापडतो. पार्क ओरडत असतानाच शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्या ठशावरून निघून जातो. आमच्याकडे या दृश्याला मोठा हशा झाला, कारण इथल्या प्रत्येकाला तो ट्रॅक्टर ओळखीचा होता. तुरीच्या शेतात पंचनाम्याला जमलेली अर्धी वस्ती, त्यातल्या कुणाच्या तरी पायाखाली गेलेला पुरावा, पोलीस पाटलांची धावपळ हे इथल्या माणसांनी पाहिलेलं आहे. अंधार दाखवायला या दिग्दर्शकाला रात्र लागत नाही. आपल्या मुलखावर असा चित्रपट करायचा असेल तर तो मे महिन्याच्या उन्हातच करावा लागेल, असं मला त्या वेळी वाटून गेलं.

पार्कचा नजरेवर विश्वास. माणसाच्या डोळ्यांत बघितलं की गुन्हेगार कळतो, म्हणतो. सोलहून आलेला सो ते-युन कागदावर विश्वास ठेवणारा. शेवटी अमेरिकेहून डीएनए चाचणीचा कागद येतो, संशयिताशी जुळणी झालेली नसते, आणि कागदावर भरवसा असणाराच पिस्तूल काढतो. खुनी सापडत नाही.

उपशीर्षकं

इंग्रजी उपशीर्षकं आमच्या अर्ध्या प्रेक्षकांना चालत नाहीत. म्हणून मंडळातल्या एका मुलानं ती मराठीत केली. बीएच्या शेवटच्या वर्षाला, विषय मराठी. गावाबाहेरच्या पारधी वस्तीतून सायकलवर येतो. त्याला मी घाई केली होती, तरी त्यानं महिना घेतला. एका शब्दासाठी तो दोनदा माझ्याकडे आला.

चित्रपटात पोलीस संशयिताला वारंवार कबुली द्यायला सांगतात. मी त्याला ‘कबुलीजबाब’ सुचवला. तो म्हणाला, “सर, कबुलीजबाब कागदावर असतो. खोलीत असताना ते असं म्हणत नाहीत.” मग काय म्हणतात? तो म्हणाला, “बोलतं करतात.” अंतिम फाइलमध्ये त्यानं जिथे मारहाण आहे तिथे ‘बोलता हो’ ठेवलं आणि जिथे सही-शिक्का आहे तिथे ‘कबुलीजबाब’. ही निवड किती विचारानं केली होती ते मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

खेळ

चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागातला एक प्रसंग. पोलीस ठाण्यात दोन तरुण शेजारी-शेजारी बसून कागद भरत आहेत. एक बलात्कारातला आरोपी, दुसरा त्या मुलीचा भाऊ. वरिष्ठ पार्कला विचारतात, तू नजरेवरून ओळखतोस ना, मग यातला आरोपी कोणता? पार्क टक लावून बघत राहतो. प्रसंग तिथेच तुटतो. उत्तर आपल्याला कधीच सांगितलं जात नाही.

इथे मागच्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, “डावीकडचा!” आणि हसले. सगळे हसले. हे निवृत्त जमादार. वाचनालयात रोज सकाळी पेपर वाचायला येतात, गावात सगळे त्यांना जमादार काका म्हणतात. पुढे म्हणाले, “आम्हाला बी कळायचं की नजरेवरून. चाळीस वर्षं काढल्यात.”

थोड्या वेळानं पोलीस गावातल्या एका मतिमंद, चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा असलेल्या पोराला उचलतात. बॉयलरच्या तळघरात त्याला पढवतात, टेपवर उत्तरं रेकॉर्ड करतात, रात्री टेकडीवर नेऊन खड्डा खणायला लावतात. मारझोड करणारा एक हवालदार आहे. लाथ घालण्याआधी तो बुटावर कापडी खोळ चढवतो, वळ उठू नयेत म्हणून. कॅमेरा त्या खोळीवर क्षणभरच थांबतो. तेवढ्यात मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं. जमादार काका तिथून पुढे शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो, म्हणून माझ्या ते लक्षात आलं.

तो पोरगा खुनी नव्हता, खून पाहिलेला साक्षीदार होता, हे पोलिसांना कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो घाबरून रुळावर पळतो आणि रेल्वेखाली जातो.

दिवे लागल्यावर चर्चा नेहमीच्याच वाटेनं सुरू झाली. खुनी कोण असेल, तो मऊ हातांचा संशयित कामगारच होता की नाही, मानवतला खरं काय झालं, मालिकेत दाखवलं ते खरं का. एका प्राध्यापकांनी वेगळा मुद्दा काढला की असे गुन्हे ‘काही विशिष्ट समाजांत’ जास्त का असतात. मानवतचं नाव निघालं की बोट आजही एका समाजाकडे जातं, हे आमच्या भागात नवीन नाही. मी विषय बदलायला हवा होता, आणि बदलला नाही.

तेव्हा उपशीर्षकं करणारा मुलगा उठला. तिसऱ्या रांगेत होता. मागे वळून जमादार काकांना म्हणाला, “काका, डावीकडचा म्हणालात. माझ्याकडं बघून काय कळतं ते सांगा.”

आवाज अजिबात चढलेला नव्हता. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मुलानं पिशवीतून एक वही काढली. त्यात पेपरची कात्रणं चिकटवलेली होती, दीड-दोन वर्षांची असतील. त्यानं प्रत्येक कात्रणातलं एकच वाक्य वाचलं. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ पान उलटलं. ‘पोलिसी खाक्या दाखवताच दोघे पोपटासारखे बोलू लागले.’ पान उलटलं. ‘विश्वासात घेऊन विचारपूस केली असता.’ पान उलटलं. ‘पोलिसी खाक्या दाखवताच.’ सात-आठ झाली असतील. मग म्हणाला, “हे मराठीचं पाठ्यपुस्तक आहे सर. माझ्या चुलत्याचं एक आहे यात. कोणतं, ते सांगत नाही. तो सुटला. सुटल्याची बातमी आली नाही.”

मी रोज चार पेपर वाचतो. ते वाक्य मी हजार वेळा वाचलं असेल आणि एकदाही त्याचा अर्थ वाचला नव्हता. ‘खाक्या’ म्हणजे काय, हे न विचारता आपण पुढच्या बातमीकडे जातो. चित्रपटातल्या बुटावरच्या खोळीचं मराठी भाषांतर ते आहे: वळ न उठता काम करणारा शब्द.

पडद्याबाहेर काय झालं

चर्चा इथे थांबली असती, पण मुलानं ह्वासोंगचं पुढचं वाचून ठेवलं होतं. ते त्यानं सांगितलं, आणि खरं तर सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

कोरियाच्या पोलिसांनी वीस हजारांहून अधिक लोकांना संशयित म्हणून तपासलं. खुनी बी रक्तगटाचा आहे, असं ते धरून चालले होते. 2006 मध्ये खटल्याची मुदत संपली. मग सप्टेंबर 2019 मध्ये जुन्या कपड्यांवरचा डीएनए ली चुन-जे या माणसाशी जुळला. हा मेहुणीच्या खुनासाठी 1994 पासून तुरुंगातच होता. रक्तगट ओ. तपासाच्या काळात पोलिसांनी त्याला विचारपूस करून सोडूनही दिलं होतं. त्यानं चौदा खून कबूल केले.

त्या चौदांत 1988 मधला तेरा वर्षांच्या मुलीचा खूनही होता. खूनमालिकेतला आठवा. पण तो खून तर ‘सुटलेला’ होता! कुणीतरी नक्कल करून केला, असं ठरवून युन सोंग-यो नावाच्या तरुणाला जन्मठेप झाली होती. पोलिओमुळे पाय अधू, गरीब घर, शिक्षण नाही. झोपू न देता, मारून त्याला बोलतं केलं होतं. वीस वर्षं आत काढून तो 2009 मध्ये सुटला आणि 17 डिसेंबर 2020 रोजी सुवोनच्या न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं.

आता 2003 सालाकडे परत जाऊ. चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यात पार्क त्याच नाल्याशी परत येतो. आता तो पोलिसात नाही, ज्यूसर विकतो. एक मुलगी त्याला सांगते, मागे एक माणूस इथे असाच वाकून बघत होता. कसा दिसत होता? साधा, चारचौघांसारखा. पार्क वर बघतो, थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे. खुनी कधीतरी थिएटरात बसून हा चित्रपट बघेल आणि ही नजर त्याच्या नजरेला भिडेल, अशी दिग्दर्शकाची कल्पना होती. लीनं पुढे न्यायालयात सांगितलं की त्यानं चित्रपट पाहिला होता आणि त्याला काहीच वाटलं नव्हतं.

पण चित्रपट थिएटरांत चालू होता तेव्हा खुनी तुरुंगात होता, आणि त्याच्या खुनासाठी दुसरा एक माणूसही तुरुंगात होता. मारून घेतलेल्या खोट्या कबुलीवर इतका धारदार चित्रपट करणाऱ्यांनाही, अशा कबुलीमुळे त्या घडीला आत बसलेला माणूस दिसला नाही. मी हे दिग्दर्शकाला दोष म्हणून सांगत नाही; त्याच्या चित्रपटाएवढा चांगला चित्रपट या विषयावर मला माहीत नाही. सांगायचं हे आहे की आपण सगळे खुन्याचा चेहरा शोधत राहतो. त्या शेवटच्या नजरेला दोन माणसं शोधायची होती, आणि तिनं एकालाच शोधलं.

आमच्या पोस्टरचंही तेच झालं होतं. दहा मेलेले मोजले, पिंपळ काढला. बोलतं केलेल्यांसाठी त्यावर जागा नव्हती.

आपल्याकडचा कागद

चर्चेत एका वकिलांनी चांगली गोष्ट सांगितली. गुन्हेगार जमातींचा इंग्रजी कायदा 1871 चा, आणि पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही असं सांगणारा पुरावा कायदा 1872 चा. एका वर्षाच्या अंतरानं एकाच सरकारनं एका हातानं माणसांना जन्मापासून चोर ठरवलं आणि दुसऱ्या हातानं आपल्याच पोलिसांवर अविश्वास लिहून ठेवला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण शिक्का सरहद्द ओलांडून आला. तो 31 ऑगस्ट 1952 ला कागदावरून पुसला गेला. कबुलीचं कलम मात्र 2023 च्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

आणि मानवत. त्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1977 मध्ये आला, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला. गुन्ह्याचा छडा लावण्याच्या भरात पोलीस आपल्या ताब्यातल्या माणसावर हात टाकतात, ही प्रवृत्ती वेळीच खुडली पाहिजे, असा स्पष्ट इशारा त्या निकालात आहे. अंगावर काटा आणणाऱ्या खुनांच्या खटल्यात, सगळा महाराष्ट्र फाशी मागत असताना, न्यायालयाला हे लिहावंसं वाटलं. मानवतवर बोलणाऱ्या शंभर जणांपैकी पिंपळ शंभरांना माहीत असतो. हा परिच्छेद मी तरी त्या दिवसापर्यंत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

नंतर

डिसेंबरात आम्ही तोच चित्रपट पुन्हा दाखवला. पोस्टरवर फक्त नाव, वर्ष, वेळ, आणि ‘मराठी उपशीर्षकांसह’. सुरुवातीला बाई पाच मिनिटं बोलल्या, दोरीचं सांगितलं. चित्रपट संपल्यावर लगेच चर्चा न घेता मुलानं युनचं प्रकरण वाचलं आणि मगच प्रश्न घेतले. एकवीस माणसं होती. ‘खुनी कोण’ हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण उत्तर दिलेलं होतं. लोक खोळीवर बोलले, पढवलेल्या पोरावर बोलले. एका आजींनी विचारलं की त्या युनला वीस वर्षांचे पैसे मिळाले का. जमादार काका आले नव्हते.

ते आले जानेवारीत, एका सकाळी, पेपरच्या वेळी. मुलगा वाचनालयात अभ्यास करत होता. काका त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

“त्या अधू पायाच्या पोराचं नाव काय म्हणालास?”

“युन.”

“पूर्ण.”

“युन सोंग-यो.”

काका बसले. बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडं बुटाला खोळ नव्हती. ओलं फडकं होतं. एक होता, त्याचं असंच झालं. मागनं दुसराच निघाला. त्याला सगळे काळ्या म्हणायचे. खरं नाव डायरीत असंल. मला आठवंना गेलंय, रोज आठवायलोय.”

मुलानं वहीचं एक कोरं पान फाडून त्यांच्यापुढे ठेवलं, वर पेन.

“गाव आठवतं का, काका?”

“गाव आठवतं.”

त्यांनी चष्मा लावला आणि गावाचं नाव लिहिलं.